सशाला मच्छरदाणी

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमच्या सशाचा, गोंडूचा, डावा डोळा चिकटलेला दिसला. पापणी जराशी फुगलेली, कडेला पिवळट पू. कोमट पाण्यात कापूस बुडवून मी डोळा पुसून काढला. वाळलेल्या गवताची काडी डोळ्यात गेली असेल, असं मुलीला सांगितलं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे तसेच झाले होते. कानांच्या बुडाशी हाताला गरम, जाडसर फुगवटा लागत होता. कोथिंबिरीच्या नुसत्या वासानं धावत येणारा हा प्राणी, पण काडी नाकाशी धरली तर त्यानं मान फिरवली. तिसऱ्या दिवशी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पिंजऱ्याचं दार उघडताच डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: मिक्सोमॅटोसिस. विषाणूचा आजार, त्यावर औषध नाही.

‘याची लस नसते का?’ मी विचारलं.

‘जगात आहे. इथे द्यायला परवानगी नाही.’

आम्ही ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीच्या बाजूला राहतो. या भागात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि मुलांच्या हट्टापायी त्यांतल्या कितीतरी घरांत ससे आलेत. कुत्र्यासारखं फिरवायला न्यावं लागत नाही, भुंकत नाही, जागा थोडी लागते. पण या देशात सशाचं आयुष्य किती वेगळ्या धोक्यात असतं, हे विकत घेताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गोंडू गेल्यानंतर जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते इथे सोप्या शब्दांत मांडते आहे.

आधी एक शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत आपण सगळ्यांनाच ससा म्हणतो. गावाकडे उसाच्या फडातून उसळी मारून पळतो तो रानससा वेगळा प्राणी आहे. तो बिळं खणत नाही, त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जन्मतात. आपण घरात पाळतो तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा युरोपियन ससा. त्याची पिल्लं उघडीनागडी, मिटल्या डोळ्यांची असतात. पांढरा, काळा, लोंबत्या कानांचा, कुठल्याही जातीचा पाळीव ससा असो, तो याच एका प्रजातीतला. पुढची सगळी गोष्ट या युरोपियन सशाची आहे.

१८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीची हौस म्हणून इंग्लंडहून २४ ससे मागवले आणि व्हिक्टोरियातल्या विंचेल्सीजवळ, आपल्या बार्वन पार्क या इस्टेटीवर ठेवले. आमच्या घरापासून ही जागा गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे. तिथून सुटलेल्या सशांनी पन्नासएक वर्षांत जवळपास अख्खा खंड व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांना अडवायला १९०७ पर्यंत तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपण घातलं, तरी ते पलीकडे गेलेच. १९५० च्या आसपास त्यांची संख्या ६० कोटींच्या घरात असावी असा अंदाज सांगतात. ससे गवत मुळासकट खातात, कोवळी रोपं उभी राहू देत नाहीत, आणि मग उघडी पडलेली माती वारा उडवून नेतो. मी सांगली जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली आहे. एका रात्रीत रानडुकरांनी लोळवलेला भुईमूग मी पाहिलेला आहे. इथल्या शेतकऱ्याचा राग मला परका वाटत नाही.

मग काट्यानं काटा काढायचं ठरलं. १८९६ साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओमध्ये जुझेप्पे सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले युरोपियन ससे अचानक मेले होते. त्यातून मिक्सोमाचा विषाणू सापडला. हा देवीच्या विषाणूच्या कुळातला. दक्षिण अमेरिकेतल्या तिथल्या जंगली सशाला त्यानं अंगावर एक गाठ येते आणि तेवढ्यावर भागतं, कारण त्यांची ओळख फार जुनी आहे. युरोपियन सशाला मात्र तो सर्वस्वी नवा होता. मेलबर्नच्या डॉक्टर जीन मॅकनमारा या खरं तर पोलिओच्या अभ्यासक, पण हा विषाणू वापरून पाहा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर १९५० साली मरे नदीच्या खोऱ्यात आजारी ससे सोडले गेले. आधी काही महिने काहीच घडलं नाही. मग डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, पाऊस होऊन डास माजले आणि साथ नदीकाठानं वणव्यासारखी पसरली. सुरुवातीच्या विषाणूनं लागण झालेल्या सशांपैकी शंभरातला एखादाच वाचत होता.

त्याच उन्हाळ्यात त्याच भागात माणसांना मेंदूज्वर होऊ लागला आणि लोक घाबरले. सशांचा रोग आपल्याला लागला, अशी बातमी पसरली. तेव्हा १९५१ साली फ्रँक फेनर, मॅकफर्लेन बर्नेट आणि इयन क्लुनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तोच विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला. त्यांना काही झालं नाही. मेंदूज्वराचा विषाणू वेगळाच निघाला. मुलांनी आजारी सशाला हात लावला म्हणून माझ्याकडे घाबरून चौकशी करणाऱ्या आयांना मी हीच गोष्ट सांगते. मिक्सोमॅटोसिस माणसाला, कुत्र्याला, मांजराला होत नाही.

पुढे रानातल्या सशांत बदल होत गेला. जे थोडे वाचले त्यांची पिल्लं जरा काटक निघाली. विषाणूही बदलला. सशाला झटपट मारणारा विषाणू डासाला पसरवायला वेळच देत नाही. ससा तीन-चार आठवडे अंगावर फोड घेऊन जगला, तर शेकडो डास त्याला चावून पुढे जातात. म्हणून जरा सावकाश मारणारे विषाणू टिकले. फेनर यांनी याचा इतका नेटका अभ्यास केला की रोग आणि तो ज्याच्या अंगात राहतो तो प्राणी एकमेकांना कसे घडवतात, याचं उदाहरण म्हणून तो आजही शिकवला जातो. पण तुमच्या-माझ्या घरातल्या सशाला या सगळ्याचा उपयोग शून्य. त्याचे आईबाप, आजेपणजे पिंजऱ्यात वाढले. रानात वाचलेल्यांचा काटकपणा त्याच्या रक्तात आलाच नाही. त्यामुळे इथे पाळीव ससा मिक्सोमॅटोसिसमधून उठण्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

आता लसीचं. इंग्लंडमध्ये पाळीव सशांना वर्षातून एकदा एक टोचणी देतात आणि तिच्यात मिक्सोमॅटोसिसपासूनचं संरक्षणसुद्धा येतं. ऑस्ट्रेलियात ती चालत नाही, कारण या लसीत जिवंत पण सौम्य केलेला मिक्सोमा विषाणू असतो. तो पाळीव सशातून रानातल्या सशांत गेला, तर त्यांनाही फुकट संरक्षण मिळेल आणि सत्तर वर्षं चालत आलेलं हत्यार बोथट होईल, अशी सरकारी भूमिका आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं हे आहे. व्हेट मंडळींनी आणि ससे पाळणाऱ्यांनी लस खुली करा म्हणून खूप मागणी केली आहे आणि माझी सही त्या बाजूनं आहे. पण परवानगीची वाट पाहत हातावर हात धरून बसलात, तर तुमचा ससा पुढचा उन्हाळा पाहीलच असं नाही. इंग्लंडच्या माहितीत ‘लस द्या’ असं वाचून बरेच जण इथल्या व्हेटकडे जातात आणि रिकाम्या हातानं परत येतात. इथे या रोगाची लस म्हणजे जाळी.

डास नेमकं काय करतो ते कळलं की जाळी कशी हवी ते आपोआप कळतं. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, मग लाळेत येतो. मिक्सोमाचं तसं नाही. हा विषाणू डासाच्या अंगात वाढतच नाही. आजारी सशाच्या पापणीवरच्या, कानावरच्या फोडांत विषाणू खच्चून भरलेला असतो. डास तिथे सोंड खुपसतो तेव्हा ती विषाणूनं माखते. मग तो दुसऱ्या सशाला चावतो. एकाच सुईनं दोघांना टोचावं, तसं. म्हणजे डास ही उडती घाण सुई आहे, आणि एकच सुई पुरते. ‘डास फारसे नाहीत आमच्याकडे’ हे म्हणणं म्हणूनच कामाचं नाही. आमच्या घरामागच्या पाणथळीच्या कडेला संध्याकाळी रानातले ससे चरताना दिसतात. तिथला डास कुंपण ओलांडून अंगणात यायला किती वेळ लागतो?

गोंडूनंतर वर्षभरानं घरात तिळ्या आला. पांढरा, पाठीवर काळे ठिपके. तेव्हा माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, ‘एवढंच ना? मग मच्छरदाणी लाव की त्याला.’ आणि पुढच्या दोन दुपारी बसून तिनं पलंगाची नायलॉनची मच्छरदाणी कापून पिंजऱ्याला खोळ शिवली. चारी कोपऱ्यांना नाड्या, खाली इलॅस्टिक, समोर आत हात घालायला दुहेरी पदर. शिवण इतकी बारीक की कुठे फट म्हणून नाही. तिळ्यानं ती एका रात्रीत कुरतडली. सकाळी पाहिलं तर दोन बोटं जातील असं भोक.

चूक शिवणीत नव्हती. खोळ पिंजऱ्याच्या तारांना चिकटून बसली होती. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि तोंडाशी येईल ते तो कुरतडणारच. आईनं मग बांबूच्या काठ्यांचा एक सांगाडा पिंजऱ्याभोवती उभा केला आणि जाळी त्याच्यावरून सोडली, तारेपासून चार बोटं लांब. तेव्हापासून ती शाबूत आहे. कायमची सोय करायची असेल तर खिडक्यांना लावतात ती बारीक धातूची जाळी लाकडी चौकटीवर ठोकून घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या भोकांची जाळी कोल्ह्याला अडवते, डासाला नाही.

त्याहून सोपा आणि पक्का उपाय म्हणजे ससा घरात ठेवणं. खिडक्यांना जाळ्या हव्यात आणि दारं उघडी टाकायची सवय सोडायला हवी. ससे ठरवून दिलेल्या ट्रेमध्ये शी-शू करायला लवकर शिकतात. तिळ्या आता रात्री धुण्याच्या खोलीत झोपतो. बाहेर सोडायचा तर दुपारी, कारण पहाटे आणि दिवेलागणीला डासांचा जोर असतो. उन्हाळ्यात ३५ अंशांच्या वर पारा गेला की ससा उष्म्यानंही मरू शकतो, तेव्हा त्या दिवसांत दुपारीही नको. अंगणातल्या कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांचं पाणी, विसरलेली बादली हे सगळं आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकायचं. अंडं ते डास हा प्रवास उन्हाळ्यात आठवड्याभरात होतो.

पिसवाही हा रोग नेतात. रानातल्या सशांत तो पसरावा म्हणून १९६८ मध्ये युरोपातून सशाची पिसू इथे मुद्दाम आणली गेली. घरात कुत्रं-मांजर असेल आणि ते बाहेर हिंडत असेल, तर त्याच्या पिसवांचा बंदोबस्त आधी करा. आणि इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. कुत्र्याच्या पिसवांचं उरलेलं औषध सशाला कधीही लावू नका. त्यातल्या काही औषधांत फिप्रोनिल असतं आणि ते सशाला जीवघेणं ठरतं. सशाला चालणारी औषधं आहेत, पण ती व्हेटनं वजन पाहून द्यायची.

दुसरा रोग याच्यापेक्षा वेगळ्या स्वभावाचा आहे. मिक्सोमॅटोसिस दिसतो, निदान डोळ्यांवरून कळतो. कॅलिसीव्हायरस बहुतेकदा दिसतच नाही. रात्री नीट खाऊन झोपलेला ससा सकाळी मेलेला सापडतो. नाकाशी कधी रक्ताचा थेंब असतो, कधी तोही नाही. लोकांना वाटतं विष घातलं, साप चावला, घाबरून हृदय बंद पडलं.

हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला १९८४ साली, चीनच्या जिआंग्सू प्रांतात. जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांमध्ये तो उद्भवला आणि वर्षभरात तिथले सुमारे १४ कोटी पाळीव ससे गेले. ऑस्ट्रेलियानं हाही विषाणू सशांविरुद्ध वापरायचं ठरवलं आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉर्डँग बेटावर कडेकोट बंदोबस्तात चाचण्या सुरू केल्या. १९९५ च्या ऑक्टोबरात तो बेटावरून निसटून मुख्य भूमीवर आला. माशांनी आणला असावा, असं मानतात. पुढच्या वर्षी तो अधिकृतपणेच सोडला गेला. मार्च २०१७ मध्ये मूळ कोरियातला, त्याच पहिल्या प्रकारातला के-५ नावाचा वाण देशभर सहाशेच्या आसपास ठिकाणी सोडला. त्याआधीच, २०१५ मध्ये, कुणीही न सोडलेला एक नवा प्रकार कॅनबेराजवळ आढळला होता. २०१० मध्ये फ्रान्समध्ये उगवलेला हा दुसरा प्रकार आज इथे सगळ्यांत जास्त आढळतो. पहिला प्रकार अगदी लहान पिल्लांना सहसा मारत नसे. हा दुसरा काही आठवड्यांच्या पिल्लांनाही सोडत नाही, आणि बिळं न खणणाऱ्या रानसशांनाही होतो.

शरीरात काय घडतं? विषाणू पोटात गेला की यकृतात जाऊन बसतो. तिथल्या पेशी तो झपाट्यानं मारतो. यकृताच्या अनेक कामांपैकी एक म्हणजे रक्त गोठवणारे घटक तयार करणं. यकृत कोसळू लागलं की सगळ्या अंगात बारीक बारीक गुठळ्या होतात, त्यात ते घटक संपून जातात, आणि मग रक्त थांबवायला काही उरत नाही. फुफ्फुसात, आतड्यात, नाकात रक्तस्राव होतो. पहिल्या प्रकारात लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत ताप येतो आणि तापानंतर दीड दिवसाच्या आत खेळ आटोपतो. दुसरा प्रकार तीन ते पाच दिवस घेतो, काही ससे त्यात रेंगाळतात, कावीळ झाल्यासारखे दिसतात, थोडे वाचतातही. पण औषध दोन्हींवर नाही.

मात्र इथे लस आहे आणि ती द्यायलाच हवी. या लसीत मेलेला विषाणू असतो, तो रानात पसरत नाही, म्हणून तिला आडकाठी नाही. अनेक वर्षं इथे मिळणारी लस पहिल्या प्रकारासाठीच बनवलेली होती आणि नव्यावर तिचा असर अपुरा पडायचा, म्हणून व्हेट ती सहा-सहा महिन्यांनी द्यायचे. आता दोन्ही प्रकारांवर चालणारी फ्रेंच लस इथे आली आहे. ती दहा आठवड्यांच्या वयापासून, वर्षातून एकदा देतात. व्हेटकडे गेल्यावर नुसतं ‘लस द्या’ म्हणू नका. ‘दोन्ही प्रकारांवर चालणारी आहे का’ असं विचारा. पुस्तिकेवर नाव आणि तारीख लिहून घ्या. पुढची तारीख फोनमध्ये टाका, कारण वर्ष सरलं हे कळतच नाही.

लस दिली तरी विषाणू घरात येऊ द्यायचा नाही, आणि इथे बूट, हात आणि गवत यांचा विचार करावा लागतो. कोविडच्या काळात आपण सगळे सॅनिटायझर वापरायला शिकलो. करोनाच्या विषाणूवर तेलकट पदार्थाचं एक आवरण असतं. साबणानं, अल्कोहोलनं ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. कॅलिसीव्हायरसला ते आवरणच नाही. त्याच्यावर प्रथिनांचं घट्ट कवच असतं, बोराच्या आठोळीसारखं. अल्कोहोल चोळून ते धड फुटत नाही. कापडावर वाळलेला हा विषाणू साध्या खोलीच्या तापमानाला १०५ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचं तपासून पाहिलेलं आहे. मेलेल्या सशाच्या अंगात तो उघड्यावरही महिनोन्‌महिने टिकतो. गोठवला तरी मरत नाही.

म्हणून हात साबणानं आणि वाहत्या पाण्यानं नीट चोळून धुवायचे, म्हणजे विषाणू मेला नाही तरी वाहून जातो. पिंजरा, भांडी, ट्रे यांना ब्लीच लागतं: एक भाग घरातलं ब्लीच, नऊ भाग पाणी. आधी घाण खरवडून धुऊन काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच तिथेच वाया जातं. मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं, स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत ससा आत सोडायचा नाही. दुसरा कुठलाही क्लीनर त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. पाणथळीकडे फिरून आलात तर ते बूट दाराबाहेर काढा. चपला बाहेर काढायची आपल्या घरातली रीत सशाच्या फार उपयोगाची आहे. पाहुणे आले तरी ती सोडू नका, आणि सशाकडे जाताना वेगळी घरातली स्लीपर ठेवा.

माशाही हे काम करतात. मेलेल्या सशावर बसलेली माशी उडून गवतावर बसते, तिथे तिची शी पडते, ते गवत ससा खातो. त्यामुळे रस्त्याकडेचं, बागेतलं, नदीकाठचं कोवळं गवत कितीही ताजं दिसलं तरी सशासाठी तोडून आणू नका. नुसतं पाण्यानं धुऊन भागत नाही. आम्ही परसात दोन उंच वाफे केले आहेत, कुंपणाच्या आत आणि जाळीखाली. त्यात कोथिंबीर आणि थोडी मेथीही असते, पैकी कोथिंबीर तिळ्याची. मुख्य खाणं वाळलेलं गवतच. ते जिथून घेता त्या दुकानदाराला, ते कुठल्या शेतातलं आहे आणि तिथे ससे आहेत का, हे विचारायला संकोच करू नका.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. आपण भारतात जातो ते डिसेंबर-जानेवारीत, मुलांना सुट्टी असते तेव्हा. इथे तोच ऐन डासांचा मोसम. चार आठवडे ससा कुणाकडे तरी ठेवायचा असतो. ज्या मैत्रिणीकडे ठेवाल तिच्या घरी जाऊन जाळी पाहून या. पैसे देऊन ठेवणार असाल तर तिथे इतर ससे असतील, तेव्हा सगळ्यांची लस मागतात का ते विचारा. जे मागत नाहीत तिथे ठेवू नका. लस जाण्याच्या निदान तीन आठवडे आधी झालेली असू द्या, म्हणजे अंगात ताकद यायला वेळ मिळतो. आणि ठेवून घेणाऱ्याला सगळी लक्षणं कागदावर लिहून द्या. आपण पुण्यात असताना फोनवरून डोळा कसा दिसतो हे कळत नाही.

कागदावर काय लिहायचं ते सांगते. डोळ्यांतून पाणी किंवा पू. पापण्या, ओठ, कानांची बुडं किंवा शेपटीखालची जागा फुगणं. अंगावर गाठी. बारा तासांत खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत. कोपऱ्यात आकसून बसणं, मान मागे टाकणं, नाकाला रक्त. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी व्हेट, उद्या नाही. सशाचं पोट थांबलं तर तेवढ्यानंच तो दगावू शकतो, मग विषाणू असो वा नसो. घरात दुसरा ससा असेल तर आजाऱ्याला वेगळ्या खोलीत न्या. आधी निरोग्याचं खाणं-पाणी करा, मग आजाऱ्याचं, उलटं कधीच नको. निघण्याआधी व्हेटला फोन करून संशय सांगा, म्हणजे ते तुम्हाला इतर सशांबरोबर बाहेरच्या बाकावर बसवणार नाहीत. मिक्सोमॅटोसिस पक्का झाला तर डॉक्टर बहुधा त्याला शांतपणे झोपवायचं सुचवतील. ऐकताना छाती दडपते. आम्ही गोंडूसाठी एक दिवस मागून घेतला होता, आणि तो दिवस त्याला फार जड गेला. आज मी तो मागणार नाही.

पुण्यातली माझी बहीण हे सगळं ऐकून तिच्या सोसायटीतल्या सशांची काळजी करू लागली. तिला सांगितलं ते इथेही लिहिते. आपल्याकडच्या रानात युरोपियन ससा नाहीच, उसातला तो रानससा. इथे जो रोग रानातल्या कोट्यवधी सशांत वर्षानुवर्षं घर करून असतो, तसं त्याला तिकडे घर नाही. म्हणून इथली भीती जशीच्या तशी तिकडे नेऊ नका. पण नवा ससा आणला तर त्याला पहिले दोन-तीन आठवडे जुन्यापासून वेगळा ठेवायचा, हे पुण्यातही करा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी: तिथे २०२० पासून नैऋत्येकडच्या राज्यांत कॅलिसीव्हायरसचा दुसरा प्रकार रानात पसरला आहे आणि २०२१ च्या अखेरीपासून तिथली लस मिळू लागली. ती तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा घ्यावी लागते.

ससा अचानक गेला तर दुःखात एक काम राहून जातं, ते राहू देऊ नका. त्याला उघड्या हातानं उचलू नका, दोन पिशव्यांत बांधा आणि व्हेटला विचारा की तपासणीसाठी नमुना पाठवता येईल का. इथे रॅबिटस्कॅन नावाची सोय आहे, तिच्यावर मेलेल्या सशाची नोंद करता येते. यकृताचा तुकडा तपासला की कुठला प्रकार आहे ते कळतं. तुमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एखाद्या सशाची लस त्या बातमीनं वेळेत होऊ शकते. परसात पुरायचं असेल तर खोल पुरा, कोल्ह्याला उकरता येणार नाही इतकं.

आणि पिंजरा लगेच भरू नका. मुलं दुसऱ्या दिवसापासून नवा ससा मागतात आणि दुकानदार उद्या या म्हणतो. १०५ दिवसांचा तो आकडा आठवा आणि त्यावर थोडे धरून चार महिने थांबा. आम्ही गोंडूचा पिंजरा ब्लीचनं धुऊन, उन्हात वाळवून, गॅरेजमध्ये उलटा ठेवला. मुलीनं त्यावर खडूनं चार महिन्यांपुढची तारीख लिहिली. खाली, ओळखीतल्या कुणी मागितला तर देऊन टाकू नये म्हणून, मराठीत लिहिलं: हात लावू नका, इथे अजून कुणी यायचं आहे.